पंचविसाव्या भाषणाचे मुद्दे

विद्यारण्यपुरा, बेंगळुरू
१४ ऑक्टोबर २०२४

चि. ऋचा,

विद्यारण्यपुऱ्याहून देवनहळ्ळीला, म्हणजे जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, मी मुलीला स्पीडपोस्टने पत्र पाठवतो आहे हे पाहून पोस्टातल्या बाई हसल्या. "सर, बस आहे की," म्हणाल्या. बस आहे हे मला ठाऊक आहे. पण जानेवारीत तू फोन उचलणं बंद केलंस आणि एका ओळीत कळवलंस, "बाबा, फोनवर माझं एकही वाक्य पुरं होत नाही. लिहायचं तर लिहा." मी नऊ महिने लिहिलं नाही. आठवडाभराचा राग आहे, उतरेल, असं धरून चाललो होतो. तो उतरला नाही आणि मी हट्टाने थांबलो. आता थांबता येत नाही, कारण ऑक्टोबर आला.

ऑक्टोबरमध्ये मी सगळ्यांकडून मुद्दे मागवतो हे तुला सांगायला नको. यंदा एकतीस डिसेंबरच्या आपल्या जेवणाला आणि त्यानंतरच्या माझ्या वर्षाच्या भाषणाला पंचवीस वर्षं होतात. तू अकरा वर्षांची होतीस तेव्हा पहिलं झालं, तुझा मुद्दा होता, "सायकल शिकले, दोनदा पडले." भाषणासाठी तो ज्यावर उतरवला ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. माझ्या रविवारच्या सोबत्याचे, नागोजीचे मुद्दे आले, तुझ्या काकांचे आले. तुझे आणि जावईबापू आशयचे तेवढे राहिले. चार-पाच ओळी पुरेत, बाकी मी बघतो.

खरं सांगायचं तर यंदा मुद्द्यांचीच टंचाई आहे. हे वर्ष इतकं शांत गेलं की मला त्याचा संताप येतो. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले, टँकरवाल्यांनी मनमानी केली, तेव्हा मी सोसायटीची सभा बोलावली. पाऊण तास बोललो. शहरातली तळी कोणी बुजवली इथपासून सुरुवात केली. नऊ माणसं होती, त्यातलं एक झोपलेलं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "व्हेरी नाइस स्पीच सर, आता टँकरचा टाइमिंग ठरवू या." गणपतीत मंडळाचं व्याख्यान मी यंदा घेतलं नाही, तरुणांना संधी द्यावी म्हणून मीच नाही म्हटलं. नागोजीचं शिवाजीनगरचं सीट कव्हरचं वर्कशॉप नेहमीसारखं जोरात. तुझ्या आईच्या गुडघ्याला दर गुरुवारी व्यायाम देतात. सकाळी नऊला जाते ती चारला उगवते. एवढा वेळ एका गुडघ्याचं काय करतात कोण जाणे, पण चालणं सुधारलं आहे. मी तळ्याकाठी फिरतो, वाचतो, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो. छापत नाहीत.

अशा वर्षाचं भाषण करणं ही परीक्षा आहे, आणि मी ती देणार आहे. तू समोर हवीस. मुद्दे पाठव.

वाट पाहणारा,
बाबा


देवनहळ्ळी
२१ ऑक्टोबर २०२४

बाबा,

पत्र मिळालं. मुद्दे पाठवत नाही. आशयही पाठवणार नाही. एकतीसला आम्ही येणार नाही.

माझी एकच विनंती आहे: यंदाच्या भाषणात माझं नाव घेऊ नका. चांगलं नको, वाईट नको, "माझी मुलगी" असंसुद्धा नको.

आणि मंडळाबद्दल: आई म्हणाली, त्यांनी तुम्हाला विचारलंच नव्हतं. मला ते वाचून वाईट वाटलं. मला खरं सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

ऋचा


विद्यारण्यपुरा
२६ ऑक्टोबर २०२४

ऋचा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एवढ्याशा पत्राला तेवढा वेळ लागत नाही, तरी वाचलं.

मंडळाचं म्हणशील तर हो, नाही विचारलं. नवीन कमिटीने पुण्याहून एका मुलाला आणलं. तो दीड तास बायकोच्या स्वयंपाकावर विनोद करत होता आणि हॉल गच्च भरला होता. मी चौदा वर्षं त्याच हॉलमध्ये बोललो. कारखान्यातून सुटून तसाच जायचो, हाताला ग्रीसचा वास असायचा. हे मुलीला कसं लिहायचं? लिहिलं नाही, झालं.

आता तुझ्या विनंतीबद्दल. बापाने वर्षभराचा हिशेब मांडावा आणि त्यातून पोटच्या मुलीला गाळावं, ही कसली मागणी? निदान कारण तरी सांग. मी माझ्यापरीने शोधलं. आशयच्या विमानतळावरच्या नोकरीला मी "दुसऱ्यांच्या विमानांची राखण" म्हणालो होतो, ते लागलं असेल तर ती थट्टा होती. सगळे हसले, तोही हसला. तुझ्या चुलतभावाला मी सहा मिनिटं दिली आणि तुला चार, असंही तुझ्या काकूने माझ्या कानावर घातलं. पण त्याने त्या वर्षी घर बांधलं होतं, घराला वेळ लागतो.

शेवटी गेल्या वर्षीचं तुझं कार्ड काढून पुन्हा वाचलं. त्यात अपमानाचा एक शब्द नाही. उलट सबंध भाषणात सर्वांत चांगला उतरलेला भाग तोच आहे. माझ्या पंचवीस वर्षांतला म्हटलंस तरी चालेल. नागोजी आजही म्हणतो, "अण्णा, पोरीचं बोलला ते ऐकून आमच्या सगुणाने दोन दिवस नीट जेवलं नाही." अशा बापावर तू रुसतेस?

दिवाळीला घरी या. आई चिरोटे करते आहे. समोरासमोर भांडू. भांडणाला माझी ना नाही, या अबोल्याला आहे.

बाबा


देवनहळ्ळी
९ नोव्हेंबर २०२४

बाबा,

दिवाळीला आले नाही म्हणून तुम्ही आईशी दोन दिवस बोलला नाहीत असं कळलं. तिच्यावर राग काढू नका. कारण हवंय ना, लिहिते. मध्ये कोणी तोडणार नाही म्हणून लिहिता येतंय.

तो सर्वांत चांगला भाग मला पाठ आहे. "या वर्षी आमच्या घरी एक पाहुणा यायचा होता. उंबरठ्यापर्यंत आला आणि मागे फिरला. पण माझी मुलगी पाचव्या दिवशी कामावर हजर झाली." तुमचा आवाज जिथे थांबायला हवा तिथे बरोबर थांबला. सगुणाक्कांनी पदर डोळ्यांना लावला. तुम्ही पाण्याचा घोट घेतलात.

आशयच्या आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. नाशिकहून आठ दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, आणि संक्रांतीला आशय स्वतः नाशिकला जाऊन सांगणार होता. दिवस गेलेत एवढं त्यांना माहीत होतं. मी अंगावर शाल घेऊन बसले होते आणि आठ दिवस खोटं बोलत होते. त्यांनी हळूच विचारलं, "कुणाबद्दल बोलतायत गं हे?" मी म्हटलं, "माझ्याबद्दल." त्यांना ऐकू गेलं नाही, मला पुन्हा सांगावं लागलं. कारण टाळ्या चालू होत्या, बाबा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या हॉस्पिटलात मी तुम्हाला बाळ गेल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्या पलंगाशी अर्धा तास बसलात आणि काही म्हणजे काही बोलला नाहीत. मला इतकं बरं वाटलं होतं. वाटलं, बाबा पहिल्यांदा नुसते बसलेत. दीड महिन्याने कळलं की तुम्ही शब्द जुळवत होतात.

आणि गुडघ्याचं. आई गुरुवारी माझ्याकडे येते. मार्चपासून येते आहे. व्यायाम सोमवारी असतो, तुम्ही तळ्यावर जाता तेव्हा. ती हेब्बाळला बस बदलून इथे येते, आम्ही जेवतो, ती दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपते, मी शेजारी लॅपटॉपवर काम करते. मीच म्हटलं होतं, सांगू नकोस.

ऋचा


विद्यारण्यपुरा
१३ नोव्हेंबर २०२४

ऋचा,

तुझं पत्र आईच्या पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "हे खरं?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कुठलं? बरंच दिसतंय लिहिलेलं."

"गुरुवारचं!"

"खरं."

"आठ महिने? आठ महिने तू माझ्याशी खोटं बोललीस अलका?"

"गुडघ्याला बरं वाटतंय एवढंच म्हणायचे. ते खरंच होतं."

"मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "काय झालं असतं? तुम्ही बसमधून माझ्याबरोबर आला असता. दारातूनच सुरुवात केली असती. पोरीने चहा टाकेपर्यंत तुमचा दुसरा मुद्दा झाला असता. अहो, ती बोलायला लागली की मला कधीकधी तासभर थांबावं लागतं. तुम्हाला जमलं असतं?"

एकोणचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईने हे ऐकवलं. मी दुपारी जेवलो नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

आशयच्या आईंचं मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत नाही हे मला कळायला मार्ग नव्हता, आणि या एका गोष्टीत तुम्ही दोघंही दोषी आहात. बाकीच्याबद्दल मी माझं मत बदलणार नाही. या देशात बायकांची अशी दुःखं दाराआड दाबली जातात. शेजारणीला कळू नये म्हणून रडायचंही उशीत. माझ्या आईची दोन मुलं गेली, त्यांची नावंसुद्धा घरात कोणी घेतली नाहीत. मी पहिल्यांदा त्या दुःखाला चारचौघांत बसायला जागा दिली. मी चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी व्यासपीठांवर ओरडलो ती माझ्याच घरात लपवून ठेवली असती तर मी ढोंगी ठरलो असतो. तू शिकलेली मुलगी. तुला हे पटू नये?

तरीही तुला यातना झाल्या, हे मला मान्य आहे. त्याची भरपाई करायला मी तयार आहे. एकतीसला, त्याच बावीस माणसांपुढे उभा राहून मी तुझी जाहीर माफी मागेन. जिथे चूक झाली तिथेच ती दुरुस्त व्हावी. मसुदा तयार आहे. हवा तर आधी वाचायला पाठवतो. आशयच्या आईंनाही बोलाव. त्यांच्या तिकिटाचं मी बघतो.

बाबा


देवनहळ्ळी
१९ नोव्हेंबर २०२४

बाबा,

नको. मसुदा पाठवू नका. बावीस माणसांपुढे तुम्ही माफी मागाल, आवाज जिथे थांबायला हवा तिथे थांबेल, आणि त्यालाही टाळ्या पडतील. मग सगळे माझ्याकडे बघतील आणि मला माफ केल्यासारखा चेहरा करावा लागेल.

आजीच्या दोन मुलांबद्दल मला आज पहिल्यांदा कळलं. तेही तुमचं म्हणणं सिद्ध करायला आलं. तुम्ही तेव्हा केवढे होतात, आजी काय करायची, यातलं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

मला आता काही दिवस पत्र नको.

ऋचा


विद्यारण्यपुरा
२ जानेवारी २०२५

ऋचा,

काही दिवस म्हणजे किती, ते तू लिहिलं नव्हतंस. सहा आठवडे झाले. नको असेल तर हे फाडून टाक.

एकतीसचं जेवण झालं. तू म्हणाली होतीस त्याप्रमाणे तुझ्याबद्दलचं कार्ड मी केलं नव्हतं. पण माफीचा मसुदा खिशात होता. चौथा खर्डा. तू नको म्हटलंस तरी लिहीत राहिलो आणि खिशात घालून खाली जेवणाला उतरलो. वाटत होतं, बोलायला उभा राहिलो की आपोआप ठरेल.

जिलेबी वाढून झाली. नागोजी म्हणाला, "सुरू करा की अण्णा, स्वल्प लवकर. आम्हाला आनेकलला जायचंय, पाव्हणे आहेत." मी उठलो. पंचवीस वर्षं उठलो की खुर्च्या सरकण्याचा आवाज होतो आणि मग शांतता होते. तशी झाली. मी म्हटलं, "मित्रहो." आणि सगुणाबाईंनी मध्येच विचारलं, "ऋचा का आली नाही हो? कशी आहे ती?"

मला मध्ये कोणी बोललेलं चालत नाही, तुला माहीत आहे. मी हात वर केला, थांबा म्हणून. पण उत्तर द्यायला हवं होतं, आणि माझ्याकडे नव्हतं. कामाचं माहीत होतं, तब्येतीचं कानावर होतं. कशी आहे ते माहीत नव्हतं. मी तुझ्या आईकडे पाहिलं. तिला माहीत होतं. तिने ताटातली चटणी पाहायला सुरुवात केली आणि मला अजिबात मदत केली नाही. मला इतका संताप आला की सांगता येत नाही. तिचा, सगुणाबाईंचा, त्या जिलेबीचा. मग मी म्हटलं, "मला माहीत नाही. एक वर्ष झालं, मला माहीत नाही."

पुढे बोलता आलं नाही. उभाच राहिलो. असं आयुष्यात झालेलं नाही. नागोजी म्हणाला, "सरी, असू दे, बसा अण्णा. ताक घ्या." मी बसलो. कोणी टाळी वाजवली नाही. तुझा चुलतभाऊ मोबाइल काढून बघत राहिला.

मग लोक आपसात बोलायला लागले, आणि मला ऐकण्यावाचून काम नव्हतं. नागोजीचं वर्कशॉप जूनमध्ये बंद झालं. आजकाल गाड्या सीट कव्हरांसकटच येतात म्हणे, तो माझ्या भावाला सांगत होता. मी म्हटलं, "नागोजी, तू मुद्द्यांत लिहिलंस नेहमीसारखं जोरात!" तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही मागितले चार चांगले मुद्दे. वाईटाला जागा कुठे होती कार्डावर?" आणि हसला. मला हसू आलं नाही. मला अजूनही वाटतं, त्याने सांगायला हवं होतं. दर रविवारी भेटतो आम्ही. पण रविवारी कोण बोलतं, हे तुझ्या आईने जिन्यात मला विचारलं.

तू आजीबद्दल विचारलंस. मी सात वर्षांचा होतो, नंतर नऊ. दुसऱ्या वेळी ती दुसऱ्या दिवशी उठून अंगण सारवायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "पाय उचल, ओलं आहे." एवढंच आठवतं. याचं पुढे काही करायचं नाही मला. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

मसुदा जाळला असं लिहिणार होतो. ते खरं नाही. टेबलाच्या खणात आहे. चांगला उतरला आहे आणि मला तो फाडवत नाही, असा माणूस आहे मी. पण तो कोणाला वाचून दाखवणार नाही.

जे केलं ते मी चुकीचं केलं. आशयच्या आईंना माहीत असतं तरी चुकीचंच होतं.

ऋचा, तू कशी आहेस?

बाबा


देवनहळ्ळी
८ जानेवारी २०२५

बाबा,

बरी नाही.

डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. आशयला करायचा आहे. मला नाही, आणि मी त्याला तसं सांगितलेलं नाही. तो विचारतो तेव्हा मी कामाचं काढते. बाळाची तारीख होती चार एप्रिल. त्या दिवशी आई आली होती. आम्ही पडवळ चिरत बसलो आणि ती तारीख आजचीच आहे हेही मी तिला सांगितलं नाही, कारण तिने चिरायचं थांबवलं असतं. पाचव्या दिवशी मी कामावर गेले ते धीर होता म्हणून नाही. घरात बाळाच्या कपड्यांचं ते कपाट होतं.

ते कपाट अजून उघडलेलं नाही. आशयला वाटतं मी रिकामं केलं.

हे आईला माहीत नाही. कोणालाच नाही.

याला उत्तर लिहू नका. आणखी काही विचारायचं असेल तर विचारा.

ऋचा